बिनआवाजाची शाळा

सातपूर कॉलनी, नाशिक
१२ जुलै १९९८

ती. मालिनीआत्यास आभाचा नमस्कार.

आज मी कळवणच्या पावसाची चौकशी करत नाही. मला तुझ्याकडून काम करून घ्यायचं आहे, आणि आधी गोड बोलून मग काम सांगणं मला बरं वाटत नाही.

कॉलेजात मराठीच्या बाईंनी निबंध लिहायला सांगितला आहे. विषय दिलाच नाही. म्हणाल्या, "स्वतःच्या अनुभवावर लिहा. आणि पहिलं वाक्य असं आणा, जे शेजारच्या बाकावरच्या मुलीला लिहिता येणार नाही." सगळ्या हसल्या. मला अनुभव आहेत कुठे? जे आहेत ते एकटीचे नाहीत. आई, बाबा, तू, सगळे त्यात आहात. तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल लिहायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटतं. शिवाय चांगले निबंध वार्षिक अंकात छापणार आहेत. छापलेलं पुसता येत नाही.

काल लिहायला बसले. कागदावर नाव घातलं. पुष्कळ वेळाने एकच गोष्ट आठवली, जी फक्त माझी आहे. दम्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही आणि तू मला घरी शिकवलंस. तुझं लग्न व्हायचं होतं, तू आमच्याकडेच राहायचीस. बाबा कंपनीतून रात्रपाळी करून यायचे आणि बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपायचे. खोल्या दोनच. म्हणून तू मला आवाज न करता शिकवायचीस. समोर बसवून, तोंड मोठं करून, नुसत्या ओठांनी. 'कमळ' म्हणताना तुझे ओठ मध्येच मिटायचे, 'गवत' म्हणताना मिटायचे नाहीत. मी बघून ओळखायचे आणि पाटीवर लिहायचे.

तर माझं पहिलं वाक्य असं आहे: 'मी आवाज न करता वाचायला शिकले, कारण आमच्या घरात दिवसा बाबा झोपलेले असत.'

कसं आहे? आणि खरं आहे ना सगळं? रात्रपाळी नेहमीच असायची का? मला नक्की आठवत नाही, आणि चुकीचं लिहायची भीती वाटते. बाबांना अजून विचारलेलं नाही. आधी तू सांग.

तुझी
आभा

कळवण
१७ जुलै

चि. आभा,

पत्र तुझ्या काकांनीही वाचलं. ते म्हणतात, आभा निबंध लिहायच्या आधी निबंधाची माफी मागते.

वाक्य चांगलं आहे, पण ते घेऊ नकोस. घरातल्या दोन खोल्या कॉलेजला कशाला दाखवायच्या? त्यापेक्षा आपण सप्तशृंगीच्या गडावर गेलो होतो ते लिही. अर्ध्या पायऱ्यांवर तुला धाप लागली, दादा तुला पाठुंगळी घेऊ का म्हणाला, आणि तू रागावून सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसलीस. त्यात दमाही आला, अनुभवही आला. सुरुवात अशी कर, 'मी थांबले असते तर सगळे थांबले असते.' बाईंना आवडेल.

पाळ्यांचं म्हणशील तर त्या बदलत असत. ते इतकं उगाळण्यासारखं नाही. दादा झोपलेला असो की जागा, तुला चांगली सवय लागली एवढं पुरे. आणि हे त्याला विचारू नकोस. कामावरून दमून येतो तो.

पहिला कागद फाडून टाक, वहीत ठेवू नकोस. मला उत्तर लगेच पाठव.

आत्या

सातपूर
२९ जुलै

प्रिय आत्या,

तू 'लगेच पाठव' म्हणालीस आणि मी इतके दिवस लावले. कारण सांगते. कागद फाडायला उशीर झाला आहे.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी बाईंनी तासाला सुरुवाती बदलून वाचायला लावल्या. माझा कागद शेजारच्या तृप्तीकडे गेला. तिने वाचलं आणि म्हणाली, "अय्या, किती छान गं! तुझे बाबा कुठे असतात?" मी कंपनीचं नाव सांगितलं. ती हसली. "म्हणजे आमच्याच बाबांच्या कंपनीत! बाबा पर्सोनेलला आहेत, कामगारांच्या नेमणुका तेच बघतात. मी सांगते त्यांना." मी तिला अडवलं नाही. मला तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

मग तुझं पत्र आलं. 'झोपलेला असो की जागा.' आत्या, हे शब्द तू विचार न करता लिहिलेस ना? मी ते इतक्या वेळा वाचले की शेवटी मला ती कॉट दिसायला लागली. झोपायचं असेल तर माणूस भिंतीकडे तोंड करतो. बाबा आपल्याकडे तोंड करून असायचे. आणि त्यांचे डोळे उघडे असायचे.

तेव्हापासून मी घरात चोरासारखी बघते आहे. आई स्वयंपाकघरातून बाबांना कधी हाक मारत नाही. पदराला हात पुसत बाहेर येते, समोर उभी राहते आणि मग बोलते. ते पाठमोरे असले तर दिव्याचं बटण खालीवर करते. मी लहानपणापासून हे बघत आले, मला वाटायचं सगळ्या घरांत असंच असतं. एसटीडी बूथवर आम्ही गेलो की तुझ्याशी आईच बोलते, बाबा बाहेर उभे राहतात. त्यांनी उत्तर दिलं नाही की आपण म्हणतो, बाबांची तंद्री लागली. आपण हसतो. बाबाही हसतात, पण आपल्यानंतर.

परवा मी एक वाईट गोष्ट केली. बाबा पेपर वाचत होते. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन पिंपाचं झाकण फरशीवर सोडलं. पडलं नाही, मी सोडलं. शेजारच्या मल्हारीकाकांच्या भागुबाई धावत दारात आल्या. "काय पडलं गं? घर पडलं का काय?" बाबांनी पेपरचं पान उलटलं.

आत्या, बाबांना ऐकू येत नाही का? कधीपासून? कंपनीला माहीत आहे का? नसेल, तर मी हे काय करून बसले आहे?

आभा

कळवण
३ ऑगस्ट

आभा,

आता विचारलंस तर सांगते. तू पाच वर्षांची असशील. दादाच्या कानात आधी सतत शिट्टी वाजायची. मग बोलणं पुसट झालं, मग जवळजवळ गेलंच. प्रेस शॉपमध्ये लोखंडाच्या पत्र्यावर दिवसभर जे आपटतं, ते एकदा दारातून ऐकलं तरी आपली छाती हलते. तो तिथे तेरा वर्षं काढून बसला होता. त्याच्या आधी एकाचं असंच झालं होतं. त्याने खरं सांगितलं. त्याला प्रेसवरून काढून झाडलोटीला लावलं आणि वर्षाच्या आत घरी बसवलं.

दादा मला म्हणाला, "मालू, तू मास्तरीण आहेस. मला ऐकायला शिकव." मला काय येत होतं? मी तुला शिकवत होते, तेवढंच. तर मी तुझाच धडा बिनआवाजाचा केला. तू माझ्या ओठांवरून वाचायला शिकत होतीस आणि कॉटवर पडून तो आपल्या दोघींच्या ओठांवरून ऐकायला शिकत होता. तुझं लहान तोंड त्याला जास्त चांगलं समजायचं. तू चुकलीस की तोही चुकायचा. तुला शब्द जमला की मी त्याच्याकडे बघायचे, तो पापण्या मिटून हो म्हणायचा.

कंपनीत ते लपलं, कारण तिथे काम चालू असताना कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातवारे करून आणि तोंडं हलवूनच बोलतात. तिथे दादा सगळ्यांत हुशार. भीती असते ती भोंगा झाल्यावर, मशीनं थांबल्यावर, आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीची. त्यासाठी तुमच्या शेजारचे मल्हारी आहेत. त्यांना ठाऊक आहे. ते सतत त्याच्या बरोबर असतात.

तुला सांगितलं नाही, कारण तुला खोटं बोलता येत नाही. तुला कुणी विचारलं असतं तर तू सांगून टाकलं असतंस. अजूनही सांगशील. म्हणून हात जोडून सांगते, गडाचा निबंध दे आणि गप्प राहा.

मालिनी

सातपूर
१६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

गडाचा निबंध दिला. बाईंनी खाली लिहिलं, 'भाषा स्वच्छ. पण हे कुणीही लिहिलं असतं. आधीची सुरुवात का सोडलीस?'

तृप्तीला विचारलं, घरी काही बोललीस का. ती म्हणाली, "सांगितलं ना, जेवताना! बाबा म्हणाले, मुलगी छान लिहिते. मग त्यांनी विचारलं, वडील कुठल्या शॉपमध्ये आहेत?"

एवढंच. पण 'कुठल्या शॉपमध्ये' हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. आणि परवा कंपनीत नोटीस लागली. पुढच्या सोमवारी प्रेस शॉपमधल्या सगळ्यांचे कान तपासणार. बाबा म्हणतात, असं अधूनमधून असतं, युनियनने कधीपासून मागणी केली होती. हे खरं आहे की ते मला धीर द्यायला म्हणतात, मला कळत नाही.

मल्हारीकाका संध्याकाळी येऊन बसले. त्यांनी चौकशी केली आहे. डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणणार, आपण ते परत म्हणायचे. "शामभाऊ, काय नाय त्यात," काका बाबांना म्हणाले. "तू बसलास की मी तुझ्या म्होरं उभा राहतो. डॉक्टर आकडा बोलला की मी व्हटांनी दावतो. तू म्हणून टाक. लय सोपं हाय." आईने देवाला हात जोडले. बाबा हसले.

मी बाबांच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, मला आता माहीत आहे." ते म्हणाले, "मला माहीत आहे तुला माहीत आहे. झाकण पडलं ते मला पायांना कळलं होतं."

"मग वळला का नाहीत?"

"म्हटलं, एकदा कळू दे पोरीला."

मग ते स्वतःच बोलले. मागच्या महिन्यात फोर्कलिफ्ट, माल उचलायची गाडी, पाठीमागून आली. मल्हारीकाकांनी शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचले. शर्टाची शिवण उसवली होती, ती आईने शिवली, मी बघितलं होतं, मला वाटलं खिळ्याला अडकला असेल. मी म्हणाले, "सोमवारी मल्हारीकाकांकडे बघू नका ना." ते म्हणाले, "मग घर कसं चालवायचं ते सांग."

ते पकडले गेले तर नोकरी जाईल. नाही पकडले गेले तर रोज पहिल्या पाळीला जातील आणि पाठीमागून काहीतरी येत राहील. मला कशाची प्रार्थना करायची तेच समजत नाही. आत्या, तू येशील का?

आभा

कळवण
१९ ऑगस्ट

आभा,

शाळा सोडून सोमवारच्या आत येणं मला जमत नाही. तुझे काका तापाने पडले आहेत.

मल्हारी सांगतात तसं होऊ दे. मध्ये पडू नकोस. तुझा खरेपणा मला ठाऊक आहे, मीच शिकवला आहे, पण तो उपाशी घरात ठेवायला जागा नसते. पुढचं पुढे बघू, दादाला दुसऱ्या खात्यात बदली मागता येईल. एवढा एक सोमवार जाऊ दे.

तृप्तीशी भांडू नकोस. तिचा काय दोष?

रोज एक ओळ तरी पाठव.

मालिनी

सातपूर
३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

रोज एक ओळ पाठवता आली नाही. हात उठत नव्हता. आता सगळं एकदम लिहिते.

सोमवारी मी कॉलेजला गेले नाही. आई आणि मी घरात बसून होतो. बाबा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "फजिती झाली." मग सांगितलं.

दवाखान्यात स्टूल ठेवलं होतं. बाहेरचे डॉक्टर होते. बाबा बसले. डॉक्टर तोंडापुढे फाईल धरून पाठीमागे उभे राहिले. समोर रांगेत मल्हारीकाका. काकांचे ओठ हलले, बाबांनी आकडा म्हटला. पुन्हा हलले, बाबांनी पुन्हा म्हटला. कारकुनाचं पेन थांबलं. डॉक्टर फिरून पुढे आले, बाबांच्या चेहऱ्याजवळ तोंड आणून सावकाश म्हणाले, "मी अजून काही बोललोच नाही."

हे ऐकताना आई हसली. तिथे बाबांनाही वाटलं होतं, आता सगळे हसतील. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मल्हारीकाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही बसा बरं इथे."

आत्या, काकांना एकही आकडा आला नाही. त्यांनाही ऐकू येत नाही, तेही ओठांवरच चालवत होते, आणि फाईलमुळे डॉक्टरांचे ओठ दिसेनात म्हणून त्यांनी बाबांना आकडे अंदाजाने दाखवले होते. ते स्टुलावर बसून बाबांच्या ओठांकडे बघत होते. बाबा काय सांगणार? फाईलच्या मागचं त्यांना दिसत नव्हतं. बाबा म्हणाले, "आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो."

मग जेवता जेवता त्यांचा हात थांबला. म्हणाले, "इतकी वर्षं मी मल्हारीच्या कानांच्या भरवशावर पाठ फिरवून काम केलं. आणि तो माझ्या. त्याला वाटायचं, शामला ओठ कळतात म्हणजे थोडंफार ऐकूही येत असणार. त्या दिवशी फोर्कलिफ्ट त्याने ऐकली नव्हती. सहज मान वळवली म्हणून दिसली."

त्यानंतर माझी झोपच गेली आहे. बाबा सायकलवरून निघाले की मी कोपऱ्यापर्यंत बघत उभी राहते. पलीकडच्या रस्त्यावर बस आणि मोटारसायकलींची रीघ असते. एकही हॉर्न त्यांच्यासाठी नाही.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या शॉपला स्टुलावर बसवलं. अर्ध्याहून जास्त लोक चुकले, असं कारकुनाने बाहेर सांगितलं. रिपोर्ट ऑफिसात गेले आहेत. त्याला आता सहा दिवस झाले, कुणाला काही कळवलेलं नाही. सगळ्यांना एकदम घरी बसवता येत नाही म्हणून गप्प आहेत, असं काही म्हणतात. काही म्हणतात, एकेकाला निवडून काढतील, आणि डॉक्टर बोलायच्या आधीच ज्याने आकडा म्हटला, त्याला आधी काढतील.

काल भागुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "तुझ्या निबंधामुळं हे झालं म्हणत्यात. खरं हाय का?"

तू म्हणाली होतीस गप्प राहा. मी म्हणाले, "असेल. मला नक्की माहीत नाही."

"नवरा माझ्याशी धड बोलत नाय म्हणून मी इतकी वर्सं भांडले त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "ह्यो ऐकत नाय, ऐकत नाय म्हणून. आईबाप काढले त्याचे." मग पदर खोचला. "आता दुसरा लिही. आमच्या बाजूनं."

आज सकाळी युनियनचे दोघं आणि शॉपमधले पाचसहा जण आमच्या बाहेरच्या खोलीत जमले. रिपोर्ट दाबायच्या आत प्रत्येकाने आपलं लिहून द्यायचं, कान केव्हापासून गेले, कामावर काय झालं, असं ठरत होतं. कुणाला लिहायची सवय नाही, म्हणून मला बोलावलं. मी कागद घेऊन बसले. "कुणापासून सुरू करू?" एकाने चहाचा कप उचलला, त्यात चहा नव्हता. एकजण म्हणाला, "माझं तसं फार नाही, डावाच जरा." दुसरा म्हणाला, "पोरीचं लग्न ठरतंय, मला मधे कुठेतरी घाल." मल्हारीकाका खाली फरशीकडे बघत होते. ज्याचं नाव पहिलं, त्याला कंपनी पहिलं बोलावणार, हे मलाही कळत होतं. मी मनात म्हणत होते, बाबा, तुम्ही बोलू नका. प्रश्न मी मान खाली घालून विचारला होता, त्यांना दिसला नसेल, दिसला नसू दे.

ते कॉटवरून उठले आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"माझ्यापासून कर," बाबा म्हणाले.

कागदावर पेनाचा डाग पडला. मी दुसरा कागद घेतला. मान वर करून, त्यांना दिसेल असं विचारलं, "नाव घालायचं?"

"पूर्ण घाल," ते म्हणाले. "वडिलांच्या नावासकट."

आभा